तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्या काकू: एका गिरणीवाल्याचा अभिप्राय

सेवा: मराठी टायपिंग, अर्ज, निवेदन, माहिती अधिकार, झेरॉक्स.
तारे: पाचपैकी चार. एक कशापायी कापला ते येईलच पुढे.

दुकानाला नाव नाही. तहसीलच्या फाटकासमोर, रसवंती आणि स्टॅम्पव्हेंडर यांच्या मधल्या बोळात सहा बाय आठची पत्र्याची टपरी आहे. वर निळ्या रंगात हातानं लिहिलंय, ‘येथे सर्व प्रकारचे अर्ज टाईप करून मिळतील’. खाली लाल रंगात, ‘फुकट सल्ला मागू नये’. फुकट सल्ला काकू दिवसभर देत असतात, मागितला नाही तरी देतात, त्यामुळे त्या लाल ओळीला घाबरू नका. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला पाणी किती दिवसांनी येतं त्यावरून कळेल: आठ दिवसांआड.

मी पिठाची गिरणी चालवतो, वीस वर्षं झाली. अर्जाबिर्जाशी माझा संबंध म्हणजे वीजबिलाची एक तक्रार आणि एकदा रेशनकार्डावर आईचं नाव दुरुस्त करणं, एवढाच. काकूंकडे जायची वेळ आली ती आमच्या साहेबांमुळे. म्हणजे साहेब गेल्यामुळे.

‘आमचे साहेब’ म्हणजे आमच्या वॉर्डातल्या पाईपलाईनची चौकशी करायला जिल्ह्याहून आलेले अधिकारी. लाईनचं काम कागदावर दोन वर्षांपूर्वी पुरं झालं, बिल निघालं, नारळही फुटला. नळाला पाणी मात्र पूर्वी यायचं त्याहून बारीक. दिवाळीनंतर आम्ही सह्यांची तक्रार केली ती ‘करून टाकू, काय होतंय’ अशा बेतानं. काही होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आणि जानेवारीत हा माणूस मोटारसायकलवरून आला.

दिसायला अगदीच साधा. बोलायला इतका सावकाश की समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करावंसं वाटावं. बसायला शांत जागा हवी म्हणाला, तर अख्ख्या गल्लीत शांत जागा कुठली? लाईट गेलेली गिरणी. मग माझ्या गिरणीत गव्हाच्या पोत्यावर बसून त्यानं नऊ जणांचे जबाब घेतले. प्रत्येकाचा जबाब लिहून झाला की वाचून दाखवायचा, ‘असंच म्हणालात ना?’ विचारायचा आणि पानापानावर सही घ्यायचा. फाईलवर पीठ उडालं तर फुंकर मारून पुढे लिहायचा. आमच्या शेजारच्या आजींचा जबाब घ्यायला त्याला सव्वा तास लागला, कारण आजींनी सुरुवात ७२ च्या दुष्काळापासून केली. त्यानं थांबवलं नाही. शेवटी त्यातली नेमकी चार वाक्यं लिहिली, आणि आजींना ती पटलीसुद्धा.

दुसऱ्या खेपेला त्यानं खड्डे घ्यायला लावले. कुठं खणायचं त्या तीन जागांवर खूण करायला चुना हवा होता. चुना नव्हता. मी गिरणीची झाडणी दिली, म्हणजे दगडाखाली सांडलेलं, झाडून गोळा केलेलं पीठ. त्या पिठानं त्यानं रस्त्यावर १, २, ३ लिहिलं. संध्याकाळपर्यंत कुत्र्यांनी ३ चाटून टाकला होता आणि २ ला मुंग्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी येताना तो स्वतः चुन्याची पुडी घेऊन आला.

एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, तिच्यात लाईन १५० मिलिमीटर डीआय पाईपची, म्हणजे डक्टाईल आयर्न नावाच्या लोखंडाची. क्रमांक २ च्या खड्ड्यात निघाला तो ९० चा प्लॅस्टिकचा. पट्टी लावून, फोटो काढून, पंचांच्या सह्या घेऊन पंचनामा झाला. आमच्यातल्या निवृत्त मास्तरांनी तिथंच धुळीत काडीनं गुणाकार करून दाखवला की नळीच्या पोटाचा हिशोब धरला तर पावणेतीन पटीहून जास्त फरक पडतो. त्या दिवशी त्या खड्ड्याभोवती जी गर्दी जमली होती तशी मी गणपती विसर्जनालाही पाहिली नाही. बायका पोरांना कडेवर घेऊन खड्ड्यात डोकावून जात होत्या. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सरकारी माणूस आमच्यासमोर खाली वाकला होता.

मार्चअखेर एका गुरुवारी कळलं की साहेबांना या कामातून काढलं. चौकशी दुसऱ्या एका अधिकाऱ्याकडे, अतिरिक्त कार्यभार म्हणून. त्या अधिकाऱ्याकडे आधीच दोन टेबलं. शनिवारी सकाळी पाहतो तर तिन्ही खड्डे मुरूम टाकून बुजवलेले.

लोक कसे चिडले ते काय सांगू. चिडले म्हणण्यापेक्षा उतरले. गिरणीवर त्या दोन दिवसांत दळणाला आलेला प्रत्येक माणूस तोच विषय काढायचा आणि डबा उचलताना ‘जाऊ द्या’ म्हणायचा. हे ‘जाऊ द्या’ मला फार लागलं. आधी कुणाला आशाच नव्हती तेव्हा ‘जाऊ द्या’ कुणी म्हणत नव्हतं.

रविवारी बैठक. रास्ता रोको करायचा, गाव बंद ठेवायचं, पाण्याच्या टाकीवर चढायचं, सगळं निघालं. एका पोरानं तर साहेबांचा फोटो टाकून ‘अन्यायाविरुद्ध वॉर्ड पेटून उठला’ असा बॅनर मोबाईलवर बनवूनही टाकला. मास्तरांनी चार पानांचं निवेदन रात्री बसून लिहिलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर ऐकून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते टाईप करायचं म्हणून सोमवारी सकाळी आम्ही सात जण काकूंच्या टपरीसमोर. इथून खरा अभिप्राय सुरू.

बसायला जागा नाही. एक स्टूल आहे, त्यावर झेरॉक्सच्या कागदाचे गठ्ठे. उन्हात उभं राहावं लागतं. संगणक जुना, कीबोर्डवरची अक्षरं घासून गुळगुळीत झालेली. काकूंना त्यांची गरजच नाही, त्या मशीनच्या काळातल्या. मराठी टायपिंगच्या, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या, दोन्ही परीक्षा हाताच्या टाईपरायटरवर दिलेल्या. ते मशीन अजून टेबलाखाली आहे, त्यावर त्या डबा ठेवतात. बोटं चालायला लागली की कळ दाबल्याचा आवाज येतो तोही जोरकस, जुन्या सवयीचा.

काकूंनी चार पानं घेतली. फूटपट्टी लावून ओळ ओळ वाचली. सगळं वाचून होईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग चष्मा वर केला.

“आदेश पाहिलाय का कुणी?”

कुणीच पाहिला नव्हता.

“मग ‘हाकलून दिले’ कशावरून लिहिलंत?”

मास्तर म्हणाले, “अहो ताई, सगळ्या गावाला माहीत आहे.”

“गावाला माहीत आहे ते गावात सांगा. कार्यालयाला आदेशाचा क्रमांक लागतो.”

अर्ध्या तासानं बॅनरवाल्या पोरानं कुठूनतरी आदेशाचा फोटो मिळवला. काकूंनी तो मोठा करून वाचला. ‘प्रशासकीय कारणास्तव’ आणि पुढे ‘म.नं. कार्यमुक्त’. म.नं. म्हणजे मध्यान्हानंतर हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे सकाळी माणूस कामावर आला, दुपारच्या जेवणानंतर त्याचं टेबल त्याचं राहिलं नाही. काकूंनी बोट ठेवलं ते ‘प्रशासकीय कारणास्तव’ या दोन शब्दांवर. “हे कारण नाही,” म्हणाल्या, “हे कारणाचं झाकण आहे.”

मग त्यांनी विचारलं, साहेबांना या जागेवर किती दिवस झाले होते? मास्तरांना ठाऊक होतं: अकरा महिने. तेव्हा काकूंनी मागच्या फळीवरून एक पिवळी पडलेली फाईल काढली. महाराष्ट्रात बदल्यांचा स्वतंत्र कायदा आहे, २००५ चा. एका पदावर साधारण कार्यकाळ तीन वर्षं. बदल्या व्हायच्या त्या वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये. मधेच, मुदतीआधी करायची तर कलम ४(५) प्रमाणे कारणं लेखी नोंदवून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची आधी मान्यता घ्यावी लागते. त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये असंही आहे. हे ऐकून आमच्यातले दोघं हसले. काकू हसल्या नाहीत.

आम्हाला वाटलं, झालं की मग! कायदा मोडलाय असं ठोकून लिहा. काकूंनी तेही लिहू दिलं नाही. बदली चुकीची आहे असं भांडायचा हक्क त्या अधिकाऱ्याचा, त्याला मॅटमध्ये जाता येतं, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात. आपण गावकरी त्या भांडणात पक्षकार नाही. शिवाय कारण लेखी नोंदवलं असेलही, फाईलमध्ये असेल, पाहिलंय कुणी? “न पाहिलेल्या कागदाबद्दल बोलू नका. कागद मागा.”

इथं मला जरा राग आला, खोटं कशाला बोलू. आम्ही आलो होतो दुःख घेऊन आणि ह्या बाई आम्हालाच उलटतपासणी घेतल्यासारखं विचारतात. मास्तर तर चांगलेच तापले. ते म्हणाले, या राज्यात प्रामाणिक माणसाचं असंच होतं. मुंबईत १९९४ मध्ये महापालिकेचे उपायुक्त खैरनारांना निलंबित केलं. सनदी अधिकारी तुकाराम मुंढे फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्याच्या पीएमपीएमएलमधून, म्हणजे शहर बससेवेतून, नाशिक महापालिकेत आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिकमधूनही बाहेर. दिल्लीत एम्सचे मुख्य दक्षता अधिकारी संजीव चतुर्वेदी, त्यांना ऑगस्ट २०१४ मध्ये त्या पदावरून दूर केलं आणि पुढच्याच वर्षी त्यांना मॅगसेसे मिळालं. मास्तरांचं पाठांतर पक्कं, तारखा घडाघड.

काकू ऐकत होत्या, हातानं स्टेपलर साफ करत होत्या. मग म्हणाल्या, “मास्तर, साहेबांची नावं तुम्हाला पाठ आहेत. ते ज्या फाईली बघत होते त्यांचं पुढे काय झालं ते सांगा बरं.”

मास्तर गप्प झाले. त्यांना माहीत नव्हतं. मलाही नाही. आम्हा सातांपैकी एकालाही नाही.

मला वाटतं त्या टपरीचे पैसे त्या एका प्रश्नातच फिटले. आम्ही चार दिवस साहेब, साहेब करत होतो. त्यांना परत आणा, त्यांचा सत्कार करा, त्यांच्या फोटोला हार घाला. पंचनामा कुठं आहे हे एकानंही विचारलं नव्हतं. नऊ जणांच्या पानापानावर सह्या असलेले जबाब नव्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले की वाटेत राहिले, ते कुणाच्या डोक्यातच नाही.

यानंतर काकूंनी दळण चाळायला घेतलं. (हा शब्द माझा. चार पानं आम्ही दळलं ते दळलं, चाळणी त्यांची.) चार पानांचे तीन कागद झाले. एक निवेदन, दोन माहिती अधिकाराचे अर्ज. दोन कशाला? तर महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि शब्द १५० पर्यंत. हे पुष्कळांना ठाऊक नसतं, मग लोक चार-चार पानं पाठवतात आणि अर्ज त्याच कारणानं परत येतो. काकू टाईप करताकरता शब्द मोजतात. ओठ हलताना दिसतात.

पहिला अर्ज बदलीच्या फाईलचा. त्यात ‘का काढलं’ असं विचारलं नाही. काकूंचं म्हणणं, ‘का’ विचारलं की ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही’ असं उत्तर यायची सोय होते. म्हणून मागितल्या त्या नस्तीतल्या, म्हणजे फाईलमधल्या, टिप्पणीच्या पानांच्या साक्षांकित प्रती, पहिल्या टिप्पणीपासून आदेशापर्यंत. आणि आधार म्हणून माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(घ): प्रशासकीय निर्णयाची कारणं त्यानं बाधित होणाऱ्या माणसाला कळवायची जबाबदारी कार्यालयाचीच आहे.

दुसरा अर्ज चौकशीचा. मास्तरांना अख्खा अहवाल हवा होता. काकूंनी मान हलवली. चौकशी चालू आहे म्हटलं की कलम ८(१)(ज) पुढे करतात, तपासात अडथळा येईल म्हणून माहिती नाकारता येते. तेव्हा अहवाल मागायचाच नाही. मागायचं ते हस्तांतरण: जुन्या अधिकाऱ्याकडून नव्याकडे कोणकोणते कागद, किती पानं, कोणत्या तारखेला गेले, त्या यादीची प्रत. “यादीत पंचनामा असला तर तो आहे. नसला तर नाही. दोन्हीकडून तुम्हाला उत्तर मिळालं.” हे ऐकून आमच्यातला बॅनरवाला पोरगा, जो तोवर मोबाईलमध्ये होता, तो पहिल्यांदा जवळ सरकला.

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला कुणीच कधी सांगितली नव्हती. माहिती अधिकार म्हणजे नुसते कागद नव्हेत. कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही आहे. म्हणजे रस्त्यात कुठला पाईप पुरलाय त्याचा नमुना आपण अर्ज करून मागू शकतो. साहेबांनी पट्टी लावली ती सरकारी हुकमानं. पण आम्हाला पट्टी लावायला हुकूम लागत नाही, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. तो तिसरा अर्ज महिनाभरानं करा म्हणाल्या, आधी या दोन्हींचं काय होतंय बघू.

आता तो प्रसंग, जो लिहू की नको असा मी दोन दिवस विचार करतोय.

अर्जाचं जोडपत्र अ स्क्रीनवर उघडलं. काकूंची बोटं कीबोर्डवर. “अर्जदाराचं नाव?”

मास्तर म्हणाले, “समस्त नागरिक, वॉर्ड क्रमांक अमुक.”

“समस्त चालत नाही. एक माणूस लागतो. नाव, पत्ता, सही.”

बैठकीला साठेक माणसं होती. निवेदनावर पुढे दोनशेच्या वर सह्या झाल्या. टाकीवर चढायला चार जण तयार होते. आणि तिथं टपरीसमोर आम्ही सात जण, आणि एक नाव निघेना. रसवंतीच्या चरकाच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. एक जण म्हणाला, माझा भाऊ ठेकेदाराकडे कामाला आहे. मास्तरांची सून नगरपालिकेच्या शाळेत. बॅनरवाल्याचं पोलीस भरतीचं चाललंय. सगळ्यांची कारणं खरी होती. कुणी बहाणा करत नव्हतं, म्हणूनच जास्त अवघड. काकूंनी कुणाला टोचलं नाही, बोटं तशीच ठेवून त्या स्क्रीनकडे बघत बसल्या. मधेच एवढंच म्हणाल्या, “दारिद्र्यरेषेखालचं कार्ड कुणाचं आहे का? असलं तर फी लागत नाही.” तेही कुणाचं नव्हतं.

मी नाव दिलं. शौर्यानं दिलं असं समजू नका. गिरणीचा परवाना नगरपालिकेकडेच नूतनीकरणाला जातो, हे माझ्या डोक्यात पहिलं आलं. पण जबाब माझ्या गिरणीत झाले होते, आणि खड्ड्यावरचा तो कुत्र्यांनी चाटलेला आकडा माझ्या पिठाचा होता. काकूंनी नाव टाईप केलं आणि विचारलं, “पत्ता घरचा घालू की गिरणीचा?” मी म्हणालो, गिरणीचा. घरी आई कागद बघून घाबरते.

निवेदनाबद्दल थोडक्यात. एक पान. ‘भ्रष्ट’, ‘संगनमत’, ‘लाजिरवाणे’ हे सगळे शब्द गेले. मास्तरांनी एका वाक्यासाठी हट्ट धरला, ‘आम्हा नागरिकांचा व्यवस्थेवरील विश्वास उडाला आहे’. काकू म्हणाल्या, ठेवते, पण तुमचा विश्वास उडाला हे वाचून त्या टेबलावरच्या माणसानं करायचं काय? काम सांगा त्याला. तेव्हा मला आजी आठवल्या. खड्डे बुजवलेले बघून त्या रस्त्यातच बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “माणूस न्यायचा तर न्या, खड्डा तरी उघडा ठेवायचा होता मेल्यांनो.” मी ते सांगितलं. काकूंनी ‘मेल्यांनो’ काढलं आणि टाईप केलं: ‘क्रमांक २ चा खड्डा तक्रारदार व पंचांसमक्ष पुन्हा उघडून पंचनाम्यातील मोजमापाची खातरजमा करण्यात यावी.’ विश्वासाचं वाक्यही ठेवलं, शेवटी, एका ओळीत. मास्तरांचं समाधान झालं.

पैसे. टाईपिंगला पानामागे ३० रुपये, माहिती अधिकाराचा अर्ज ५०, झेरॉक्स २. तिकिटाचे दहाच घेतात, वर एक रुपया लावत नाहीत. सल्ल्याचे शून्य, लाल ओळ असली तरी. दोन प्रती देतात आणि बजावून सांगतात की एक आत द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय फाटकाबाहेर यायचं नाही. “पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही.” आतला बाबू शिक्का सापडत नाही म्हणाला तेव्हा मी काकूंचं वाक्य आठवून तिथंच उभा राहिलो. पंधरा मिनिटांत सापडला.

आता तारा कशाचा कापला ते. प्रिंटरची डावी बाजू काळी रेघ सोडते. सरकारी कागद त्यानं शोकसंदेशासारखा दिसतो. लाईट गेली की काम बंद, इन्व्हर्टर नाही. दीड ते तीन टपरी बंद म्हणजे बंद, तुमची मुदत संपत असली तरी. फोनवरून पैसे घेत नाहीत, सुट्टे आणा. आणि काकू ओरडतात. माझ्यामागे एक तरुण मुलगी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आली होती, तिनं ‘अर्जंट आहे’ म्हटल्यावर काकू तिला जे बोलल्या ते बोलायची गरज नव्हती. पोरगी रडवेली झाली. नंतर तिचं काम आमच्याआधी केलं हे खरं, पण तरी.

शिवाय एक चूक केली त्यांनी. निवेदनात बदल्यांच्या कायद्याचं वर्ष २००५ ऐवजी २०१५ पडलं. रात्री गिरणी बंद करताना मला दिसलं, तेव्हा सह्यांचं पहिलं पान झालं होतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर एक अक्षर न बोलता पुन्हा टाईप करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. पण चाळीस माणसांना पुन्हा सही मागायला फिरलो ते मी, त्यात दोघांनी दुसऱ्यांदा सही दिली नाही. एका रात्रीत त्यांच्या घरी कुणी जाऊन आलं होतं की त्यांचंच मन बदललं, मी विचारलं नाही. तारा म्हणाल तर तो असा गेला.

कुणाला ही सेवा उपयोगाची? ज्याला नुसता राग काढायचाय त्यानं जाऊ नये, त्याला काकू वैताग वाटतील. बॅनर छापायचा असेल तर स्टँडजवळ दुकान आहे, तिथं जा, ते सुंदर करतात. ज्याच्या हातात निदान एक कागद आहे, एक तारीख आहे, आणि जो स्वतःचं नाव द्यायला तयार आहे, त्यानं इथं यावं. नाव द्यायला तयार नसेल तरीही यावं, उन्हात उभं राहिलं की काय ते समजतं.

निकाल काय लागला विचाराल. अर्ज दिल्याला आज चौतीस दिवस झाले. मुदत तीस दिवसांची. दुसऱ्या अर्जाचं उत्तर सव्विसाव्या दिवशी आलं, हस्तांतरणाच्या यादीची प्रत, दोन पानं, चार रुपये भरून घेतली. यादीत अकरा बाबी आहेत. सातव्या क्रमांकावर ‘जबाब (९)’ आहे. ‘फोटो’ आहे. पंचनामा नाही. ही यादी गिरणीच्या भिंतीवर, दराच्या पाटीशेजारी मी खिळ्याला लावली आहे. लोक दळण लागेपर्यंत वाचतात. ‘जाऊ द्या’ म्हणणारे थोडे कमी झालेत, अगदी थोडे. पंचनाम्यावर पंच म्हणून सही केलेले दोघं जण वाचून म्हणाले, आमची सही आम्हाला आठवते, विचारलं तर सांगू. त्यांचं हे म्हणणं मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय, आता मलाही सवय लागली.

बदलीच्या फाईलबद्दल अजून काहीच आलेलं नाही. साहेबांना मी एकदा फोन केला होता. ते म्हणाले, मी त्या विषयावर बोलू शकत नाही. नंतर थोडं थांबून म्हणाले, “आजींना नमस्कार सांगा.” आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “नमस्कार नको, पाणी कधी येणार ते विचार.”

काल पहिल्या अपिलासाठी पुन्हा काकूंकडे गेलो. जोडपत्र ब, वीस रुपयांचं तिकीट. प्रिंटरची काळी रेघ तशीच. अपील टाईप होत असताना काकूंनी टेबलाखालून, त्या जुन्या मशीनवरून, एक पिशवी काढली. पाच किलो गहू, जरा जाडसर दळा म्हणाल्या, भाकरी जमत नाही आता, पोळ्याच करते. आज सकाळी दळून पोचवला. दळणाचे पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी कालच्या तिकिटाचे वीस रुपये मात्र वहीत बघून माझ्याकडून मागून घेतले.